नदीकाठची वाट कोणाची?

पहाटे पायांत बूट चढवून धावायला जाणे ही सुखवस्तू माणसांची चैन आहे, असे आपल्या चळवळीतील पुष्कळांना मनातून वाटते. नदीकाठी उद्यान असावे, त्यातून आणि आसपासच्या वस्त्यांतून चालण्या-धावण्याची वाट काढावी, अशी मागणी कोणी केली की ‘अगोदर भाकरीचे बोला’ असे उत्तर मिळते. या उत्तरामागची तळमळ खरी आहे. परंतु त्यातील तर्क अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाचा लाभ भलतेच लोक घेत आहेत.

दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल, हे मान्य. श्रमाने शरीर झिजते, व्यायामाने ते सावरते. दोन्ही एक नव्हेत. पण कष्टकरी वर्ग आता केवळ शेतात उरलेला नाही. बारा तास यंत्रावर वाकून बसणारा शिंपी, रिक्षाचालक, दुकानातील नोकर, कचेरीतील कारकून, घरी बसून विड्या वळणारी स्त्री हे सारे बैठ्या श्रमाचे धनी आहेत. मधुमेह आणि रक्तदाब हे एके काळी श्रीमंतांचे रोग मानले जात. आज ते झोपडपट्टीतही आहेत, आणि तेथे औषधाला पैसा नाही. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा सल्ला फुकट आहे. तो पाळण्यासाठी लागणारी जागा मात्र फुकट राहिलेली नाही.

ज्याला आपण ‘जॉगिंग’ म्हणतो त्याचा इतिहासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात आर्थर लिडियर्ड या धावण्याच्या प्रशिक्षकाने १९६०च्या दशकाच्या आरंभी सामान्य, वयस्क माणसांना मंदगतीने धावायला लावले. त्यांत हृदयविकाराचे रुग्णही होते. १९६२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले, हा प्रकार पाहून परतले आणि त्यांनी आपल्या युजीन या गावी तो रुजवला. त्या गावात विलामेट नदीकाठच्या उद्यानात १९७५ मध्ये धावण्याची एक वाट तयार झाली. ती काँक्रीटची नाही. लाकडाचे तुकडे पसरून केलेली मऊ वाट आहे. मोठे भांडवल, महागडी साधने, सभासदत्वाची वर्गणी यांपैकी काहीही या छंदाला मुळात लागत नव्हते. बाजाराने ते सारे नंतर जोडले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नांदेड हे गोदावरीच्या काठचे शहर. २००८ मध्ये गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेच्या निधीतून तेथे रस्ते रुंदावले, नदीकाठ सुधारला, घाट बांधले गेले. नगीना घाट, बंदाघाट, गोवर्धन घाट येथे पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते, आणि तिचे आपण स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच काठावर शहरातील सांडपाण्याचे नाले नदीत उतरतात, आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात. नदीकाठ सुशोभित करताना हे दोन प्रश्न नेहमी मागे पडतात. फरशी आणि दिवे उद्घाटनाच्या दिवशी दिसतात. जमिनीखालची सांडपाण्याची नळवाहिनी दिसत नाही.

नदीकाठ सुधारण्याचे जे प्रतिमान आज देशभर मिरवले जाते, ते अहमदाबादच्या साबरमतीचे. तेथे काठावरच्या झोपड्यांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना उठवून बहुतांशी शहराच्या कडेला नेण्यात आले. मजुरी शहरात आणि घर दूरवर, असा त्यांचा नवा संसार. २०२२ मध्ये त्याच नदीवर केवळ पायी चालणाऱ्यांसाठी अटल पूल उघडला. त्यावरून चालण्यास तिकीट आहे. त्याच वर्षी पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली, आणि झाडांवरून व पूरपातळीवरून तेथील नागरिक अजून झगडत आहेत.

यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. सार्वजनिक पैशाने नदीकाठ सुंदर झाला की शेजारच्या जमिनीचे भाव चढतात. ही मूल्यवाढ जमीनमालकाने कमावलेली नसते. समाजाने निर्माण केलेली असते. तरीही ती जाते मालकाच्या खिशात, आणि वाढत्या भाड्याच्या रूपाने भाडेकरू तिची किंमत मोजतो. म्हणजे ज्याच्या करातून वाट झाली, त्यालाच त्या वाटेपासून दूर जावे लागते. ही अनार्जित मूल्यवाढ कराच्या रूपाने परत घेऊन तिच्यातून सांडपाण्याची व्यवस्था करणे आणि मूळ रहिवाशांना तेथेच घरे देणे, हा न्याय्य मार्ग आहे. उद्याने, बगीचे आणि क्रीडांगणे ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची कामे म्हणून नोंदलेली आहेत. त्यांवर तिकीट लावणे म्हणजे कर्तव्याचे दुकान करणे होय.

आणि शहराबाहेर काय आहे? किनवट तालुक्यातील इस्लापूरचे उदाहरण घ्या. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. पावसाळ्यात तो पाहायला दूरदूरचे पर्यटक येतात. पण या परिसरातील आदिवासी, बंजारा आणि अल्पभूधारक घरांतील मुलांना धावणे हा छंद नाही, उपजीविकेचा प्रश्न आहे. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला २० गुण आहेत. म्हणून मराठवाड्यातील कोणत्याही महामार्गाने पहाटे प्रवास करा. अंधारात, ट्रकच्या झोतात, रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतील. वाहनाने त्यांना चिरडल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. धावण्याची परीक्षा शासन घेते. धावण्यासाठी जागा मात्र देत नाही. मुलींना तर ही अंधारातली वाटही मोकळी नाही, आणि त्यांच्या ८०० मीटरची तयारी घरच्यांच्या परवानगीवर अवलंबून राहते.

बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकतो. त्याच्या गुणांची ओळख त्याच्या तालुक्याने नव्हे, तर सैन्याने पटवून दिली. तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो सैन्यात भरती झाल्यानंतर. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीला कांस्यपदक मिळवते, तीही डोंगरातल्या पायवाटांवरून आलेली. त्यांचा गौरव अवश्य व्हावा. पण अशा अपवादांकडे बोट दाखवून सोयींचा अभाव झाकता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा, आणि मागण्या नेमक्या ठेवाव्यात. चारशे मीटरच्या साध्या मातीच्या धावपट्टीला सुमारे चार एकर जागा पुरते. तिच्या चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. ग्रामसभेत ठराव करून गायरानातील अशी जागा मुलांसाठी राखून घ्यावी. तिला दोन दिवे, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह असावे. महामार्गालगतच्या गावांत पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी मागावी. शहरात नदीकाठची वाट निळ्या पूररेषेच्या आत भर घालून नव्हे, तर मातीची आणि झाडांच्या सावलीची असावी. म्हणजे नदीची जागाही राहते आणि गुडघेही. ती वाट उद्यानाच्या फाटकाशी न थांबता कामगार वस्त्यांपर्यंत जावी. तिकीट नसावे, वेळेची बंदी नसावी, कारण रात्रपाळीच्या कामगाराची सकाळ आपल्या सकाळी उगवत नाही. काठावरच्या चहावाल्याला आणि भाजीवालीला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे तेथेच जागा मिळावी.

भाकरीचा प्रश्न यामुळे मागे पडत नाही. पहाटे महामार्गावर धावणारा मुलगा भाकरीसाठीच धावत असतो. त्याला निर्धोक वाट मिळवून देणे हे आपले काम आहे, आणि येत्या ग्रामसभेपासून त्याचा आरंभ करता येईल.