रिश्ता कुणाचा?

शीर्षक वाचून हिंदी सिरियल आठवली ना? थांबा, हा रिश्ता खायचा आहे. अल्जिरियात हाताने लाटून कापलेल्या बारीक, चपट्या शेवया वाफेवर शिजवतात आणि वर कोंबडीचा रस्सा ओततात, त्याला म्हणतात रिश्ता. आणि गंमत अशी की शब्दही तोच! फारसीत रिश्ता म्हणजे धागा. तो हिंदी-उर्दूत येऊन नात्याचा झाला आणि पश्चिमेला गेला तो कणकेचा झाला.

फ्रान्समध्ये कामाला होतो तेव्हा टीममध्ये दोन अल्जिरियन होते. एक अल्जिअर्स शहरातला, दुसरा कबीलियाच्या डोंगरातला. एरवी गळ्यात गळे, पण जेवताना हा विषय निघाला की संपलंच. एक म्हणे हा अरबांचा पदार्थ, दुसरा म्हणे आमचा, अमाझिघांचा. (आपण ज्यांना बर्बर म्हणतो ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात.) बाहेरच्याला हे भांडण पोरकट वाटेल. पण देश स्वतंत्र झाला 1962 मध्ये, आणि अमाझिघांच्या भाषेला राष्ट्रीय भाषा म्हणायला 2002 उजाडलं, अधिकृत भाषा म्हणायला 2016. घरात बोललेली भाषा शाळेत-कचेरीत चालत नाही अशी पिढ्यान् पिढ्या काढलेल्या माणसाला ताटातल्या पदार्थावरही दुसऱ्याचं नाव दिसलं, तर त्याला राग येणारच की.

तरीही मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी शोधत होते.

कारण अशा वादात सगळे दोनच गोष्टी बघतात. नाव कुठल्या भाषेतलं, आणि आधी लिहिलं कुणी. नावावर जायचं तर रिश्ता इराणचा. लिखाणावर जायचं तर 1226 साली बगदादमध्ये लिहिलेल्या अल-बगदादीच्या पाकपुस्तकात रिश्ता आहे. मांस, दालचिनी, छोले, मसूर, आणि चार बोटं लांबीच्या कापलेल्या शेवया. शेवयांचा नुसता उल्लेख हवा असेल तर अजून मागे जा. 1154 साली अल-इद्रिसीने लिहून ठेवलंय की सिसिलीतल्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया इतक्या होतात की जहाजं भरभरून बाहेर जातात. मार्को पोलो चीनहून परत आला 1295 ला, तेव्हा त्याने इटलीत शेवया आणल्या वगैरे कथा सांगणाऱ्यांना हे साल जरूर ऐकवा. :)

पण व्हेरिएबलचं नाव बघून फंक्शन काय करतं ते ठरवायचं नसतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. आत काय चाललंय ते बघावं लागतं.

तर आत बघू. बगदादच्या कृतीत शेवया थेट रश्श्यात पडतात. इराणच्या आश-ए-रिश्तेमध्ये तेच. लेबनॉन-सीरियाकडच्या मसुराच्या रिश्त्यातही तेच. अल्जिअर्समध्ये मात्र शेवया रश्श्यात शिजत नाहीत. मैदा, मीठ, पाणी एवढीच कणीक. ती कागदासारखी लाटायची, चिकटू नये म्हणून स्टार्च भुरभुरवायचा, कापायची. मग तेलाचा हात लावून सच्छिद्र भांड्यात वाफेवर ठेवायची. वाफ आली की परातीत ओतायची, पाण्याचा हबका मारायचा, गरम गरम असतानाच बोटांनी मोकळी करायची, की पुन्हा वाफेवर. असं दोनदा, तीनदा. शेवटी तूप. रस्सा खालच्या भांड्यात वेगळा होत असतो... कोंबडी, कांदा, छोले, सलगम, दालचिनी. टोमॅटो नाही, म्हणून पांढरा. (बगदादची दालचिनी आणि छोले आठशे वर्षांनीही सुटलेले नाहीत, हे मला फार आवडतं.)

आता ही वाफेची रीत आली कुठून? ती कुसकुसची रीत आहे, आणि कुसकुस साधारणपणे अमाझिघांचाच मानला जातो. म्हणजे नाव पूर्वेकडून आलं, पण उत्तर आफ्रिकेच्या बाईने ते ऐकून घेतलं आणि आपल्या भांड्यात आपल्या पद्धतीने शिजवलं. माझ्या मते पदार्थ तिथे तिचा झाला. उकडीचा मोदक पाण्यात उकळून काढला तर आपण त्याला मोदक म्हणू का? मग!

तिथल्या घरांनी हा वाद कधीच निकालात काढलाय. पैगंबर जयंतीला रिश्ता होतो, आणि 12 जानेवारीच्या यन्नायरला, म्हणजे अमाझिघ नववर्षाला, कित्येक घरी पुन्हा रिश्ताच. यन्नायरची सरकारी सुट्टी सुरू झाली 2018 मध्ये. परात त्याच्या कितीतरी आधीपासून बाहेर निघत होती.

म्हणूनच 2020 मध्ये अल्जिरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानियाने एकत्र येऊन कुसकुस युनेस्कोच्या यादीत नेला, ते मला पटलं. आणि नोंद आहे ती ज्ञानाची, कौशल्याची, रीतीची. मालकीचा दाखला नव्हे. एरवी कशावरही भांडणारे देश, पण इथे एका कागदावर सही!

उरला मशिनचा प्रश्न. आता ताजा कापलेला रिश्ता दुकानात पाकिटात मिळतो, आणि त्यावर नाक मुरडणारे तिकडेही आहेत. मी मुरडणार नाही. सणाच्या आदल्या दिवशी वीस माणसांसाठी लाटत बसायचं बाईनेच, आणि परंपरेचं कौतुक करायचं टेबलावरच्या पुरुषांनी, हे आपल्या शेवया-कुरडयांच्या वाळवणात आपण पुरेसं पाहिलंय. कापू दे मशिनला. पण ते पाकीट उकळत्या पाण्यात रिकामं केलं की मात्र संपलं, मग तो कुणाचाच नाही.

करून बघायचा असेल तर मोदकपात्र चालेल. जाळीवर पातळ फडकं घाला. सलगम नाही मिळालं तर दुधी. माझे दोन्ही मित्र या दुधीला एकमताने नावं ठेवतील. तिसऱ्या वाफेचा तेवढा कंटाळा करू नका.