दंड हजारो कोटींचा, ग्राहकाच्या पदरात काय?

‘संघटनेच्या ठरावानुसार एक तारखेपासून नवीन दर लागू’ असा फलक निपाणी, बेळगाव, गडहिंग्लज की म्हापसा, कुठल्याही बाजारपेठेत दिसतो. गिऱ्हाईक फलक वाचते, जादा पैसे मोजते आणि पुढच्या दुकानात जाते. तिथेही तोच दर! एकत्र बसून भाव ठरवणे ही बाजाराची जुनी रीत आहे, त्यात गैर काय, असेच बहुतेकांना वाटते. कायद्याचे मत मात्र वेगळे आहे.

२००२ च्या स्पर्धा कायद्यातील मुख्य कलमे २० मे २००९ पासून लागू झाली. एकमेकांच्या स्पर्धकांनी आपसात भाव ठरवणे, माल किंवा पुरवठा रोखून धरणे, गिऱ्हाईक वा प्रदेश वाटून घेणे आणि निविदेत संगनमत करणे या चारही गोष्टी त्यात बसतात. कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे दुकान कर्नाटकात, गोदाम महाराष्ट्रात आणि कंपनी गोव्यात असली तरी फरक पडत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने दंड आणखी कडक झाला. पण आदेशातला दंड प्रत्यक्षात किती वसूल होतो आणि ज्याने जादा पैसे मोजले त्याला काय मिळते, हा खरा सवाल आहे.

हिशेब कसा मांडतात?

साधारण उल्लंघनासाठी मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होतो. स्पर्धकांनी साटेलोटे केले असेल, तर ते जितकी वर्षे चालले तितक्या वर्षांच्या नफ्याच्या तिप्पट किंवा तितक्या वर्षांच्या उलाढालीच्या १० टक्के, यातली मोठी रक्कम ही दंडाची कमाल मर्यादा.

समजा, एका कंपनीची वार्षिक उलाढाल १०० कोटी, नफा ५ कोटी आणि संगनमत चार वर्षे चालले. उलाढालीच्या हिशेबाने ४० कोटी होतात, नफ्याच्या हिशेबाने ६० कोटी. म्हणजे दंड ६० कोटींपर्यंत जाऊ शकतो. याशिवाय कलम ४८ खाली जबाबदार पदाधिकाऱ्यांनाही त्यांच्या उत्पन्नाच्या सरासरीवर १० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. भाव ठरवले म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. आयोगाचे आदेश धुडकावत राहिले, तरच तुरुंगवासाची तरतूद लागू होते.

औषध दुकानदारांचा धडा

हा कायदा फक्त बड्या कंपन्यांसाठी, हा समज गोव्यातच खोटा ठरला. औषध कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी संघटनेचे ना हरकत पत्र हवे, अशा प्रथेबद्दल स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये गोव्याच्या केमिस्ट अँड ड्रगिस्ट असोसिएशनला २ लाखांचा दंड केला. २०१६ मध्ये अशाच कारणासाठी कर्नाटकातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेवर कारवाई झाली. त्याच प्रकरणात लुपिन कंपनीला सुमारे ७३ कोटींचा दंड ठोठावला गेला. पुढे अपील न्यायाधिकरणाने लुपिनचा दंड रद्द केला.

‘आम्ही नफा कमावणारी संस्था नाही, फक्त संघटना आहोत’ हा बचाव यात चालत नाही. सभेच्या इतिवृत्तात लिहिलेला दरवाढीचा ठराव हा उलट संघटनेच्याच विरोधातला पुरावा ठरतो.

सिमेंटचा लांबलेला खटला

आपल्या भागाला जवळचे मोठे उदाहरण सिमेंटचे. कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी व मळखेड आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट पट्टा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून आयोगाने जून २०१२ मध्ये एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेकसह ११ कंपन्यांना ६,३०० कोटींहून जास्त दंड केला. कायद्याने नफ्याच्या तिपटीपर्यंत जाता आले असते. आयोगाने दोन वर्षांच्या नफ्याच्या निम्माच दंड लावला. तरीही आकडा इतका मोठा झाला.

मग सुरू झाली अपिले. अंतिम सुनावणीला हजर नसलेल्या अध्यक्षांची आदेशावर सही होती, या मुद्द्यावर अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये आदेशच रद्द केला. आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे ६,७०० कोटींचा दंड लावला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१८ मध्ये तो कायम केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली आणि तूर्त १० टक्के रक्कम भरायला सांगितली. पहिल्या आदेशापासून इथवर यायलाच सहा वर्षे गेली. त्या काळात ज्याने घर बांधले त्याने पोत्याचे पैसे रोख मोजले, त्यात हप्ता नव्हता की स्थगिती नव्हती.

२५२ कोटींचे ७ कोटी

दुसरे प्रकरण धान्य गोदामांचे. २००९ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या निविदेत कीडनाशक गोळ्यांसाठी तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा एकच भाव भरला. आयोगाने २०१२ मध्ये उलाढालीच्या ९ टक्के दंड लावला. युनायटेड फॉस्फरसच्या वाट्याला २५२ कोटी आले. पण दंड कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर नको, फक्त त्या गोळ्यांच्या विक्रीवर हवा, असे अपील न्यायाधिकरणाने म्हटले आणि रक्कम ७ कोटींच्याही खाली आली. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले.

२०२३ च्या दुरुस्तीचा रोख याच निकालावर आहे. आता उलाढाल म्हणजे सर्व वस्तू-सेवांची, जगभरातली उलाढाल. मार्च २०२४ पासून हे अमलात आले. आयोगाच्या मार्गदर्शक सूत्रानुसार आधी संबंधित उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम धरायची, पण एकूण दंड कायद्यातल्या मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही. शिवाय अपील करायचे तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. जगभरच्या उलाढालीच्या नियमाला ॲपलने २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, यावरूनच या तरतुदीला किती धार आहे ते कळते.

पैसा जातो कुठे?

दंड वसूल झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जातो, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत. ठेकेदाराला, घर बांधणाऱ्याला, औषध घेणाऱ्याला त्यातला रुपयाही आपोआप मिळत नाही. भरपाई हवी तर कलम ५३ एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा दावा करावा लागतो. अनेक नुकसानग्रस्तांच्या वतीने एकत्र दावा करण्याची सोयही त्यात आहे. पण मूळ प्रकरण अपिलात अडकले, की भरपाईचा दावाही अधांतरी राहतो. अमेरिकेत नुकसान सोसणारा थेट न्यायालयात जाऊन तिप्पट भरपाई मागू शकतो. तिथे भाव ठरवणाऱ्या व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. आपल्याकडे दंडाचा आकडा वाढवण्यावर जोर दिला गेला, भरपाईची वाट मात्र तितकीच लांब राहिली.

म्हणून सामान्य माणसाने आणि छोट्या व्यावसायिकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आयोगाकडे तक्रार कुणीही करू शकतो, ग्राहक संघटनाही. मात्र प्रकार घडल्यापासून तीन वर्षांच्या आत ती करावी लागते. दुसरे म्हणजे बिले, दरपत्रके, संघटनेची परिपत्रके जपून ठेवावीत. नुकसान किती झाले हे उद्या सिद्ध करायचे, तर कागद लागतो.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनीही सावध व्हावे. कर, परवाने, बाजारातल्या अडचणी यांसाठी एकत्र येणे हा त्यांचा हक्कच आहे. भाव मात्र ज्याचा त्याने ठरवायचा असतो. ‘सर्वानुमते’ हा शब्द सभेत ऐकायला गोड वाटतो, आयोगासमोर तोच महागात पडतो.