पहिल्या कुदळीनंतर

नागपुरात हुडकेश्वरच्या कुठल्याही ले-आऊटमध्ये जा. गजानन विजय ग्रंथाचे पारायण बसले, तर एकविसावा अध्याय संपल्याखेरीज पोथी बासनात जात नाही. वाचणारा आजारी पडला तर घरातला दुसरा कोणी पाटावर बसतो. सोळा सोमवारांचे व्रत धरलेली गृहिणी सतराव्या सोमवारी उद्यापन करते, मग घरात पाहुणे असोत वा मुलांची परीक्षा. सप्ताह काल्याविना उठत नाही. तेव्हा हाती घेतलेले तडीस नेण्याचे बळ आपल्यात नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही. ते बळ आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले आहे. मग याच वस्त्यांतल्या वाचनालयाला दुसऱ्या वर्षी कुलूप का लागते? अभ्यासिकेसाठी जमवलेली वर्गणी कंपाउंडच्या भिंतीपाशीच का संपते? याचे जे उत्तर मला दिसते ते कडू आहे. व्रत मोडले तर देव कोपेल, ही धास्ती आपल्या मनात वसते. लोकांचे काम मोडले तर ज्याचे नुकसान होते, त्या माणसाच्या कोपाची धास्ती आपल्याला वाटत नाही, कारण तो दुबळा आहे हे आपण पुरते ओळखून आहोत.

ही बेपर्वाई आपल्याला वारशाने मिळाली. आरंभासाठी मुहूर्त आहे, नारळ आहे, हार आहे, कोनशिलेवर नाव आहे. मधल्या वर्षांसाठी आपल्या रीतीभातींत काहीच नाही. पहिल्या दिवशी मंडपात दाटी करणारे आपण पाचव्या वर्षी त्याच कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला विचारतो, ‘अजून तेच सुरू आहे का तुमचं?’ या प्रश्नात जो तुच्छभाव आहे, तो आपल्या मुलांच्या कानांवर रोज पडतो. काम सुरू करणारा मोठा आणि काम ओढणारा बिचारा, ही शिकवण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, तरी आपल्या प्रत्येक घरात ती पाठ आहे.

या रीतीचे क्रौर्य पाहायचे असेल तर शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात जावे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. ३७२ कोटींचा अंदाज होता. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, खर्चाचा अंदाज अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला, आणि कालव्यांची कामे दशकामागून दशक अपुरीच राहिली. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे वचन होते. त्या वचनावर ज्यांनी शेत, घर, गावदेवीचे ठाणे सोडले, त्यांच्या घरी त्या वर्षी जन्मलेले मूल पस्तिशी ओलांडून गेले. भ्रष्टाचार झाला, चौकशा झाल्या, सरकारे बदलली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला विचारायचे आहे ते आपल्याबद्दल. नागपूरसारखे बोलके, लिहितेवाचते शहर इतक्या जवळ असताना ही तीन तपे निमूटपणे कशी गेली? आणि त्या जलाशयाला आपण दिले काय? नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आपल्या घरांचे सांडपाणी वाहत गेले आणि त्या विस्थापितांच्या बुडालेल्या गावांवर साचले. कालव्यांचे काम आपण तडीस नेले नाही, जलाशयाचे पाणी नासवण्याचे काम मात्र एक दिवसही थांबवले नाही.

अर्धवट राहिलेल्या कामांची आपण कीव करतो आणि पुरे झालेल्यांचे श्रेय एखाद्याच्या अलौकिक प्रतिभेला देऊन मोकळे होतो. तेही अन्यायाचेच आहे. याच नागपुरात १९१६ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची मंडळी स्थापन केली. हा गृहस्थ अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेला. पण त्याने काय केले? मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले, पुढे कचेरी पुण्याला नेली, लेखक-संपादक जमवून त्यांच्याकडून वर्षानुवर्षे काम करवून घेतले. बारा वर्षांच्या खटपटीनंतर तेवीस खंड उभे राहिले. या खटपटीचा हिशेब त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतः मांडला आहे, आणि मला तो ज्ञानकोशाइतकाच मोलाचा वाटतो, कारण मधल्या वर्षांचा असा जमाखर्च आपल्याकडे सहसा कोणी ठेवत नाही. असा माणूस १९३७ साली वारला तेव्हा आर्थिक ओढाताणीतच होता. आपण त्याला ज्ञानकोशकार म्हटले आणि तेवढ्याने आपले कर्तव्य झाले असे मानले.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण टाळता येणार नाही. आपल्यापैकी जे पुरुष एखादे काम वर्षानुवर्षे चिकाटीने करतात, त्यांच्या चिकाटीला वेळ कोण पुरवते? सकाळचा डबा, म्हाताऱ्यांची औषधे, नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, हे सारे दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून वजा होते. त्या स्त्रीने स्वतः काही योजले, शिकायचे, लिहायचे, एखादा धंदा उभा करायचा, तर तिच्या दुपारच्या दोन तासांवर सगळ्या घराचा हक्क असतो. दार वाजले, ती उठली. सासऱ्यांना चहा हवा, ती उठली. मग वर्षाअखेर आपणच म्हणतो, तिच्याने काही होत नाही. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे मोजकेच अध्याय झाले होते. कधी शाळेत न बसलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांत चौसष्ट अध्यायांची भर घातली. या एका उदाहरणाने आपण सुखावतो. ज्यांना तसा निवांतपणा कधीच लाभू दिला नाही, त्या आपल्याच आया-बहिणींच्या राहून गेलेल्या अध्यायांची मोजदाद कोणी करायची?

हे बदलणार आहे, याविषयी मला शंका नाही. पोथी पुरी करणारा समाज कालवाही पुरा करू शकतो. पण त्यासाठी मानाची जागा हलवावी लागेल. दर पावसाळ्यात आपल्या मोकळ्या भूखंडांवर वृक्षारोपण होते, छायाचित्रे निघतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर, रोपे वाळून जातात. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपे येतात. यापुढे पाहुण्यांना बोलावण्याआधी गेल्या वर्षीची किती रोपे जगली, हे तिथेच सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, टँकरचे पैसे कोण देणार, हे नावानिशी लिहून मगच कुदळ मारावी. पाणी घालणाऱ्याला रोजंदारी द्यावी, आणि तिसऱ्या उन्हाळ्याअखेर हार घालायचा तो त्याच्या गळ्यात. घरातल्या बाईने दोन तास मागितले तर त्या दोन तासांत दार उघडायला घरातल्या पुरुषाने उठावे. गोसीखुर्दचा कालवा यंदा किती किलोमीटर पुढे गेला, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हुडकेश्वरच्या मतदाराने विचारावे, पाणी आपल्या शेताला मिळणार नसले तरीही.