परवाना जिल्ह्याचा, लहरी मात्र अख्ख्या राज्याच्या!



खडेबाजारातल्या कापड दुकानात गिऱ्हाईक दोन मीटर कापड मागायला आले आणि दुकानदाराने ‘अख्खा तागा घ्या, नाहीतर चालू लागा’ असे सुनावले, तर ते दुकान किती दिवस चालेल? केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग मात्र २०१० च्या लिलावापासून नेमका हाच व्यवहार करीत आला आहे. माल आहे रेडिओलहरींचा, म्हणजेच स्पेक्ट्रमचा. देशाचे २२ सर्कल पाडले आहेत आणि लहरी विकायच्या त्या सर्कलच्या हिशेबाने. कर्नाटक म्हणजे एक अख्खा तागा. खानापूर तालुक्यापुरत्या किंवा निपाणीपुरत्या लहरी लिलावात मिळतच नाहीत.

गंमत अशी की, इंटरनेट सेवेच्या परवान्यांत याच सरकारने अ, ब, क असे वर्ग पाडले. क वर्ग म्हणजे साधारण जिल्ह्याएवढे क्षेत्र, खास छोट्या सेवादारांसाठी. दुकान थाटायला जिल्ह्याची परवानगी, पण माल घ्यायचा तो राज्याचा! आम्ही बँकेत बसणारी माणसे. पीककर्ज आणि साखर कारखान्याचे कर्ज यांना एकच किमान रक्कम ठेवली, तर शेतकरी दारातूनच परत जाईल, हे आम्हांला कळते. दिल्लीला का कळू नये?

मग छोट्या सेवादाराने काय वापरायचे? विनापरवाना खुल्या असलेल्या वाय-फायच्या लहरी. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले, हे चांगलेच झाले. पण या लहरींना समोरचा मनोरा नजरेच्या रेषेत लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात झाडी आडवी आली की जोडणी तुटलीच. पेन्शनसाठी अंगठा उमटवायला आलेल्या म्हातारीला ‘लिंक नाही, उद्या या’ असे सांगताना आमचीच मान खाली जाते. तिचा एसटीचा खर्च कोणत्या खात्यात लिहायचा?

यावर उपाय नाही असे नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यातील खेड्यांत मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवले. या लहरी झाडीतून पुष्कळ बऱ्या जातात. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, देशात जवळजवळ सर्वत्र या पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्या रिकाम्या आहेत. पुढे २०२२ पर्यंत प्रसारभारतीने बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटरही बंद केले. प्रयोगाला परवानगी मिळाली, धंद्याला नाही. प्रयोग यशस्वी आणि फाईल बंद, अशी ही तऱ्हा!

कोणी म्हणेल, टूजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, तेव्हा लिलाव हाच सचोटीचा मार्ग. मान्य, खिरापत आम्हांलाही नको. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाला लिलाव हा एकमेव मार्ग नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही उपग्रह सेवांना आणि बीएसएनएलला लिलावाशिवाय लहरी देण्याची सोय केली. मग खेड्यातल्या शेवटच्या घरापर्यंत जोडणी नेणाऱ्या छोट्या सेवादारासाठीच त्या यादीत वेगळी ओळ का नाही?

आणि लिलावाने तिजोरी भरते म्हणावे, तर २०२२ मध्ये १,५०,१७३ कोटींची बोली लागली हे खरे; पण जून २०२४ मध्ये दहा हजार मेगाहर्ट्झहून अधिक लहरी मांडल्या आणि खपल्या अवघ्या १४१.४. न विकलेल्या लहरी गोदामात साठत नाहीत. आजचा दिवस गेला की आजची लहर फुकट गेली. अमेरिकेने २०२० मध्ये ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील परवाने काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या, तुकड्यांनी लिलावात काढले आणि त्या पट्ट्यातील किमान ८० मेगाहर्ट्झ सर्वांसाठी राखले. तेथे जमते, येथे का जमत नाही?

आपल्याला तर दुहेरी फटका. १९५६ ला राज्यांची रेघ ओढली गेली, तीच सर्कलची रेघ झाली. निपाणीच्या सेवादाराला पलीकडचे कागल दिसते, पण ते दुसऱ्या सर्कलमध्ये. सोयरीक कागलात, बाजार निपाणीत, आणि लहरींना मात्र मधे तपासणी नाका!

म्हणून आमच्या मागण्या तीन. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हिशेबाने, परवडणाऱ्या वार्षिक शुल्कात लहरी द्या. विकल्या न गेलेल्या आणि दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी खेड्यांतील सेवेसाठी खुल्या करा. सर्कलच्या कडेच्या तालुक्यांना पलीकडे सेवा देण्याची मुभा द्या. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, निर्णयापूर्वी लोकांच्या सूचना मागवते. बड्या कंपन्यांचे वकील तेथे वेळेवर हजर असतात. आपले कोणी नसते. युवक मंडळांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आता कागद-पेन हाती घ्यावे आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या तीन मागण्यांवर उत्तर विचारावे.