पहाटेचा पाहुणा

हिवाळा सुरू होऊन मुलांच्या सुट्या जवळ आल्या म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतून थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याचे बेत निघूं लागतात, आणि त्या बेतांत एक हिशेब हटकून ऐकूं येतो. रात्रीच्या गाडीनें निघावें व पहाटे पोहोंचावें. म्हणजे प्रवासांत दिवस मोडत नाहीं आणि हॉटेलाचें एका रात्रीचें भाडेंहि वांचतें. कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. परंतु पहाटे साडेचार वाजतां, कडाक्याच्या थंडींत, दोन म्हातारीं माणसें, तीन पेंगुळलेलीं मुलें आणि सामानाचे नऊ डाग घेऊन हॉटेलाच्या बंद दारापुढें उभें राहिलें म्हणजे एक रक्कम मांडावयाची राहून गेली असें ध्यानांत येतें. ती रक्कम कोणती, आणि घरांतील कोणाच्या नांवें पडते, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रात्रीं प्रवास करून पहाटे मुक्कामास लागण्याची आपली संवय आजची नाहीं. तीर्थयात्रेनें ती आपल्या अंगीं मुरविली आहे. पंढरपुरास काकड आरतीच्या सुमारास उतरणारा यात्रेकरू अवेळीं आला असें कोणी म्हणत नाहीं. त्या वेळीं क्षेत्र जागें झालेलें असतें. वळकटी कोणाच्या तरी ओसरीवर टाकावी, चंद्रभागेंत स्नान करावें, दर्शनास जावें, कीं दिवस आपोआप सुरू होतो. आपलें पंचांगहि याच चालीचें आहे. त्यांतील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. म्हणून पहाटे येणारा मनुष्य आपल्या दृष्टीनें लौकर आलेला नसतो, कीं उशिरां आलेला नसतो. तो दिवसाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोंचलेला असतो.

हॉटेलाचा दिवस मात्र निराळा. तो बहुधा दुपारीं बारा ते दोनच्या दरम्यान सुरू होतो व दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा-अकरा वाजतां संपतो. हें ऐकावयास चमत्कारिक वाटतें; पण दुपारीं दिवस सुरू करणारे हॉटेलवाले कांहीं पहिलेच नव्हेत. पाश्चात्त्य ज्योतिषी १९२४ सालाच्या अखेरपर्यंत आपला दिवस मध्याह्नापासूनच मोजीत असत. रात्रभर वेध घेत असतां मध्येंच तारीख बदलूं नये, ही त्यांतील सोय. १९२५ पासून त्यांनीं मध्यरात्र स्वीकारली. हॉटेलवाल्याची अडचण याच जातीची आहे. त्याचा विकावयाचा माल म्हणजे रात्र, आणि ती मध्येंच तोडतां येत नाहीं. आदल्या रात्रीचा प्रवासी सकाळीं निघणार, मग चादरी-अभ्रे बदलले जाणार, न्हाणीघर धुतलें जाणार, आणि त्यानंतर ती खोली दुसऱ्याच्या स्वाधीन होणार. ‘खोली रिकामी नाहीं’ असें पहाटे पांच वाजतां सांगणारा कारकून पुष्कळदां अक्षरशः खरें बोलत असतो. आपण जी खोली मागत असतों तींत त्या क्षणीं दुसऱ्या कोणाचीं मुलें झोपलेलीं असतात, आणि त्या झोपेचे पैसे त्यांच्या वडिलांनीं दिलेले असतात.

हीं दोन्ही घड्याळें एकाच डोंगरावर पाहावयाचीं असतील तर महाबळेश्वरास जावें. जुनें क्षेत्र महाबळेश्वर म्हणजे पंचगंगेचें स्थान. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम तेथील देवळांत मानितात. तेथून पांच-सहा किलोमीटरांवर, १८२८-२९ च्या सुमारास, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकारानें साहेबलोकांच्या विश्रांतीसाठीं नवी वसाहत झाली. तीच माल्कम पेठ, आणि आजचा बाजार व बहुतेक हॉटेलें त्याच बाजूस आहेत. एक गांव देवासाठीं पहाटे उठणारें, दुसरें विश्रांतीसाठीं उशिरां उठणारें. पूर्वी आगगाडीनें वाठार स्टेशनावर उतरून वाई-पांचगणीच्या मार्गानें टांग्यांतून वर जाणाऱ्याचे कित्येक तास वाटेंतच जात. आतां मुंबईहून रात्रीं निघालेली मोटार पसरणीचा घाट अंधारांतच चढते आणि उजाडण्यापूर्वीं प्रवाशांस बाजारांत आणून सोडते. आपण यात्रेकरूच्या संवयीनें जातों आणि साहेबाच्या घड्याळावर जाऊन आदळतों.

आतां त्या राहून गेलेल्या रकमेकडे वळूं. पहाटे चार-पांचच्या सुमारास मनुष्याच्या शरीराची उष्णता दिवसांतील सर्वांत खालच्या पातळीस आलेली असते व झोपेचा ओढा अत्यंत बळकट असतो. म्हणून तीच थंडी त्या वेळीं अधिक बोंचते आणि तेंच बोलणें अधिक झोंबतें. डिसेंबर-जानेवारींत वेण्णा तलावाच्या कांठीं कधीं कधीं दंव गोठून पांढरें होतें, यावरून तेथील पहाटेची कल्पना यावी. रात्रभर पाय खालीं सोडून बसल्यानें वृद्धांचे पाय सुजतात. घाटांतील वळणांनीं मुलांस गाडी लागलेली असते. मधुमेह असणारास औषध व खाणें यांची वेळ चुकवून चालत नाहीं.

हे हाल सर्वांचेच, हें खरें. पण ते निस्तरतें कोण? पुरुषमंडळी काउंटरापाशीं वाद घालावयास जातात. आणि एका मुलास मांडीवर घेऊन, दुसऱ्याचें तोंड पुसून, सासूबाईंना आपली शाल पांघरून सामानावर बसलेली असते ती घरची सून. वाटेंत बायकांच्या सोयीची जागा मिळेल कीं नाहीं या धास्तीनें तिनें बहुधा रात्रभर पाण्याचा घोट घेतलेला नसतो, आणि संकोचामुळें ती हें कोणाजवळ बोलतहि नाहीं. जिला वर्षांतून चार दिवस तरी पहाटे उठावें लागूं नये म्हणून सहल काढावयाची, तिचीच पहिली पहाट अशी जावी, आणि पुढचा सबंध दिवस मुलांच्या रडारडींत व मोठ्यांच्या चिडचिडींत निघावा, हा सौदा स्वस्तांतला खास नव्हे.

गेल्या हिवाळ्यांत अशाच एका हॉटेलाच्या पडवींत आम्हीं पाहिलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. एक गृहस्थ रात्रपाळीच्या माणसावर तावातावानें ओरडत होते. तो बिचारा ‘साहेब, मालक आठला येत्यात’ याखेरीज कांहीं बोलूं शकत नव्हता. अखेर त्या गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री काठी टेंकीत पुढें आल्या व म्हणाल्या, ‘बाळा, खोली राहूं दे. पोरींना हातपाय धुवायला जागा आणि घोटभर ऊन पाणी मिळेल का रे?’ त्या माणसाचा चेहरा एकदम पालटला. ‘आजी, खोलीचं माझ्या हातात न्हाई, पण भटारखान्यात पाणी तापतंय. या, मागल्या अंगानं या,’ असें म्हणून त्यानें स्वतःच्या हातानें दोन डाग उचलले. पंधरा मिनिटांत चहा आला. खोली दुपारींच मिळाली. पण तोंपर्यंत त्या मंडळींची सकाळ सुखाची झाली होती. जें ज्याच्या हातांत आहे तें त्याजजवळ मागावें, एवढाच यांतील बोध.

तथापि पहाटे कोणाच्या तरी चांगुलपणावर विसंबून राहण्यापेक्षां बेत करतांनाच विचार करणें बरें. पुण्याहून महाबळेश्वर सुमारें १२० किलोमीटर आहे. एवढ्यासाठीं रात्र जागविण्याचें प्रयोजनच नाहीं. मुंबईहून अंतर सुमारें २६० किलोमीटर पडतें. पहाटे घरून निघाल्यास दुपारच्या सुमारास पोहोंचतां येतें, आणि त्या वेळीं खोलीहि तयार असते. रात्रींचाच प्रवास अटळ असेल तर खोल्या ठरवितांना पोहोंचण्याची वेळ स्पष्ट कळवावी व उत्तर लेखी मागून घ्यावें. चार खोल्या घ्यावयाच्या असल्यास चारहि आदल्या रात्रीपासून धरण्याची जरूर नाहीं, एक धरावी. तींत वृद्ध व लहान मुलें निजतील, बायकांस स्नानाची सोय होईल, आणि जादा भाडें एकाच खोलीचें पडेल. पोहोंचल्या वेळेपासून चोवीस तास मोजणारीं उतारगृहेंहि पुष्कळ ठिकाणीं असतात, त्यांची चौकशी करावी. औषधें, शाली, दंतमंजन, पंचे, कपड्यांचा एकेक जोड व दशम्या यांची एक पिशवी निराळी ठेवावी, म्हणजे पडवींत ट्रंका उघडण्याचा प्रसंग येत नाहीं. ज्यांच्या अंगीं हुशारी असेल त्यांनीं सामान हॉटेलांत ठेवून विल्सन पॉइंट गांठावा. सुमारें १,४३९ मीटर उंचीचें हें महाबळेश्वरचें सर्वांत उंच स्थान आहे, आणि येथील सूर्योदय पाहण्यासाठीं इतर लोक मुद्दाम ऊबदार अंथरूण सोडून येतात.

हॉटेलवाल्यांसहि एक शब्द सांगणें अवश्य आहे. आगगाड्या वेळीं-अवेळीं येणार हें ओळखून रेल्वेनें स्टेशनांवर प्रतीक्षालयें बांधलीं, मोठ्या स्टेशनांवर विश्रांतीच्या खोल्याहि ठेविल्या. रात्रीच्या मोटारींतून येणारीं गिऱ्हाइकें ज्यांना हवींशीं वाटतात त्यांनीं एक बंदिस्त दालन, बायकांसाठीं स्वच्छ न्हाणीघर व ऊन पाणी एवढें ठेवावयास हरकत नसावी. त्याचा वाजवी आकार घेतला तरी कोणी कुरकुर करणार नाहीं. एकच रात्र राहतो तो अतिथि, अशी मनुस्मृतींत व्याख्या आहे. हॉटेलांतील उतारूस ती किती तंतोतंत लागू पडते! त्याच ठिकाणीं सज्जनाच्या घरीं ज्या चार गोष्टींची कधीं वाण पडत नाहीं त्या सांगितल्या आहेत. गवताचें आसन, टेंकावयास जागा, पाणी आणि गोड शब्द. यांत खोलीचा उल्लेख नाहीं. खोलीचा नियम दुपारचा असेल तर खुशाल असो. या चार गोष्टींना घड्याळ लागत नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं सध्यां सहलीचे बेत चालू असतील. तिकिटें काढण्यापूर्वीं त्यांनीं आमची एवढीच सूचना मानावी, कीं गाडीची वेळ ठरवितांना ज्यांना त्या पहाटे मुलें सांभाळावयाचीं आहेत त्यांचें मत आधीं विचारावें.