नंबरवाल्यांना गॉगल कशाला?

आपल्या कॉलेजात सायकलींचे दिवस परत आलेत. होस्टेलच्या स्टँडवर आता गिअरवाल्या, ड्रॉप हँडलवाल्या सायकली उभ्या असतात आणि रविवारी पहाटे दहा-बारा जणांची टोळी जुन्या कात्रज घाटाकडे निघते. हेल्मेटशिवाय कुणी गेटबाहेर पडत नाही, हे तर फारच छान. पण या टोळीत निम्म्याहून जास्त मंडळी चष्मेवाली आहेत (इंजिनिअरिंग कॉलेज आहे, दुसरं काय असणार!) आणि चष्म्याच्या बाबतीत त्यांचे दोन पंथ दिसतात. पहिला पंथ चष्मा घामानं घसरतो म्हणून काढून खिशात ठेवतो. दुसरा पंथ पैसे साठवून, कानशिलापर्यंत वळलेल्या काळ्या स्पोर्ट्स गॉगलमध्ये नंबर घालून घ्यायची स्वप्नं बघतो. माझ्या मते दोन्ही पंथ वाट चुकलेत, आणि पहिला तर सरळसरळ धोक्याचा आहे.

पहिल्या पंथाचं पालुपद ठरलेलं. "अगं, माझा फक्त दोन नंबर आहे, रस्ता दिसतो की!" आता दोन नंबर म्हणजे काय हे आपण सगळेच बारावीला शिकलो होतो, परीक्षेनंतर विसरलो इतकंच. मायनस दोन म्हणजे एक भागिले दोन, अर्धा मीटर. चष्म्याशिवाय स्पष्ट दिसायची हद्द तिथं संपली. अर्धा मीटर म्हणजे जेमतेम हँडल! माझा सव्वाचार, म्हणजे माझी हद्द साडेतेवीस सेंटिमीटरवर. ब्रेकवरची माझीच बोटं मला धूसर दिसतात. त्यापुढचा रस्ता 'दिसतो' याचा अर्थ रस्ता आहे एवढं कळतं. समोरचा काळा ठिपका खड्डा आहे, ओला डाग आहे की झोपलेलं कुत्रं, ते नाही कळत. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. खड्डा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, मग चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी सहाएक मीटर. म्हणजे तेरा मीटरवरचा खड्डा ओळखता आला पाहिजे. अर्ध्या मीटरच्या हद्दीत हे गणित बसवून दाखवा. शिवाय अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि धूसरपणा आणखी वाढतो, आणि आपली टोळी निघते पहाटे पाचला!

दुसऱ्या पंथाशी माझं भांडण पैशाचं आहेच, पण आधी ऑप्टिक्सचं आहे. डॉक्टर नंबर काढतात तेव्हा ट्रायल फ्रेममधली काच डोळ्यासमोर जवळजवळ सरळ उभी असते. साध्या चष्म्यातही ती तशीच राहते. स्पोर्ट्स गॉगलची काच जास्त गोल असते आणि कानशिलाकडे तिरकी वळलेली. तोच नंबर त्या तिरक्या काचेत घातला की डोळ्याला मिळणारा नंबर बदलतो, नसलेला सिलिंड्रिकल त्यात शिरतो आणि कडेनं पाहताना रस्ता हलल्यासारखा वाटतो. नंबर एक-दीडच्या आत असेल तर बहुतेकांचं निभावून जातं. मोठ्या नंबराला मात्र फ्रेमचा कोन मोजून, त्याचा हिशेब धरून काच बनवावी लागते. अशी कामं होतात, नाही असं नाही, पण तो खर्च आपल्या स्टायपेंडला झेपणारा नाही. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात "बसवून देतो ना ताई" म्हणणारा माणूस तो हिशेब करेलच याची खात्री काय? मी एका दुकानात विचारलं, "फ्रेमच्या अँगलप्रमाणे नंबर बदलून टाकणार ना?" ते म्हणाले, "नंबर अजिबात बदलणार नाही, गॅरंटी!" मी नमस्कार करून बाहेर पडले.

आत नंबरची छोटी काच अडकवायची सोय असलेले गॉगलही मिळतात. काच दुहेरी, त्यामुळे सिग्नलला थांबलं की वाफही दुहेरी. पावसाळ्यातल्या पुण्यात हे सुख कोण घेणार?

आणि तो काळेपणा! नेहमीच्या गडद उन्हाळी गॉगलमधून ८ ते १८ टक्केच उजेड आत येतो. जुन्या कात्रजच्या बोगद्यात भर उन्हातून शिरताना चष्मा नसलेल्यालाही दोन सेकंद काही सुचत नाही, मग यांचं काय होत असेल? उन्हात आपोआप काळी होणारी काच घेतली तरी ती परत पांढरी व्हायला मिनिटं लागतात, बोगदा तेवढी वाट बघत नाही. "पण यूव्ही?" असा प्रश्न येतोच. यूव्ही अडवायला काच काळी असावी लागत नाही. पॉलिकार्बोनेटची पांढरी स्वच्छ काचही तो अडवते. डोळ्यांवर ऊन येतं म्हणाल तर हेल्मेटखाली चोचवाली टोपी घाला.

राहिला प्रश्न दिसण्याचा. ज्यांना त्या गॉगलशिवाय आपण रेसर वाटणारच नाही अशी भीती आहे, त्यांनी लोराँ फिन्यों या फ्रेंच सायकलपटूचे फोटो बघावेत. तारेच्या फ्रेमचा गोल चष्मा, अगदी आपल्या एखाद्या मॅथ्सच्या सरांसारखा. लोक त्याला म्हणायचेच मुळी 'प्रोफेसर'. याच अवतारात त्यानं १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षं टूर द फ्रान्स जिंकली. १९८९ मध्ये तो फक्त ८ सेकंदांनी हरला, पण त्याचं खापर कुणी चष्म्यावर फोडलेलं नाही.

तर मग घ्यायचं काय? माझं उत्तर अगदी बिनग्लॅमरचं आहे. वर्गातला चष्मा वर्गात राहू द्या, रस्त्यासाठी दुसरा साधा चष्मा करा. पांढरी काच, पॉलिकार्बोनेट, वर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. दुकानात ज्याला सर्रास 'फायबर' म्हणतात ती बहुधा सीआर-३९ ची काच असते. दिसायला ती उत्तम, पण जोराचा फटका बसला तर तिचे तुकडे होऊ शकतात. डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी किंवा आपणच तोंडावर आपटणं, या दोन्ही वेळी डोळ्यापासून बोटभर अंतरावर काय आहे याला महत्त्व आहे, आणि मार खाण्यात पॉलिकार्बोनेट कितीतरी पुढे आहे. त्याचेही दोष आहेतच. त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून हार्ड कोट हवा आणि शर्टाच्या टोकानं पुसायची सवय सोडायला हवी. आधी पाण्यानं धूळ घालवायची, मग पुसायचं. दुसरा दोष, सीआर-३९ चा ॲबे नंबर ५८ च्या आसपास, याचा ३०. मोठ्या नंबराला काचेच्या कडेतून पाहिलं की पांढऱ्या पट्ट्याला रंगाची झालर दिसते. दोन दिवसांत सवय होते. अगदीच नाही झाली तर ट्रायव्हेक्स नावाची मधली वाट आहे, थोडी महाग.

कोटिंग हा दुकानदाराचा पैसे काढायचा धंदा आहे असं अनेकांना वाटतं. गणित करा. पॉलिकार्बोनेटचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.५८६. फ्रेनेलच्या सूत्रात टाकला की एका पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के उजेड परततो, दोन्ही बाजूंचे मिळून १० टक्के. रात्री समोरच्या ट्रकचे दिवे याच परतलेल्या उजेडामुळे काचेत दोन-दोनदा दिसतात. तेवढ्यासाठी पैसे मोजायला माझी ना नाही. हे सगळं धरून माझा चष्मा एका महिन्याच्या मेस बिलाच्या आत बसला.

खरी मेहनत फ्रेमला. ड्रॉप हँडलवर वाकलं की आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो, तेव्हा फॅशनच्या बुटक्या फ्रेमची वरची कड नेमकी रस्त्याच्या मध्ये येते. फ्रेम उंचीला जरा मोठी आणि नाकावर वर बसणारी हवी, रबरी नोजपॅड असतील तर उत्तम. पण गालाला टेकणारी नको, वारा खेळला नाही की वाफ धरलीच. काड्या बारीक हव्यात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडे वळताना मान वळवून मागचा ट्रक बघावा लागतो, आणि जाड काडी नेमकी तिथं आड येते. चष्म्याला आपल्याकडे उगाच ढापणं म्हणत नाहीत!

स्टाफमधल्या सायकलवाल्यांसाठी एक खास सूचना, चाळिशीबद्दल आहे, सर-मॅडमनी राग मानू नये. बायफोकलमधून पुढच्या चाकाजवळ नजर टाकली की ती खालच्या वाचायच्या भागातून जाते आणि खड्डा नेमका तिथंच पुसट होतो. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबराचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

काँटॅक्ट लेन्सवाल्यांना नंबरचा प्रश्न नाही, पण धूळ आणि चिलटांसाठी वरून बिननंबरची पांढरी काच त्यांनाही लागतेच. आणि होस्टेलच्या नळाचं पाणी लेन्सला चुकूनही लावू नका, त्यातून डोळ्याला फार वाईट संसर्ग होऊ शकतो.

दुकानात जाताना नवा काढलेला नंबर आणि हेल्मेट दोन्ही न्या. हेल्मेट घालून, पट्टा आवळून मग फ्रेम चढवा, काउंटरवर हँडल धरल्यासारखे वाका, मान वर करून समोरची पाटी वाचा, डोकं जोरात हलवा. लोक हसतील. मी गेले तेव्हा दुकानातलं एक लहान पोर आईला म्हणालं, "आई, ही काय करतेय?" फ्रेम जागची हलली नाही की पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, पुन्हा मोजून घ्यायला सांगा. सव्वाचार नंबरला प्रत्येक काचेचं केंद्र ५ मिलिमीटर बाहेर गेलं तर प्रत्येक डोळ्याला दोन डायॉप्टरचा प्रिझम बसतो, आणि घाट चढण्याआधीच डोकं चढतं. जुनी फ्रेम धड असेल तर नवी घेऊही नका. तिच्यातच पॉलिकार्बोनेट बसवून मिळतं, आणि उरलेल्या पैशात मागचा लाल दिवा येतो.