फेरिटिन प्राकृत, तरीही रुग्ण पांडू

रक्तातिसाराने पीडित रुग्ण हल्ली बहुधा रक्ततपासणीचा अहवाल घेऊनच येतो. ‘फेरिटिन प्राकृत, म्हणजे लोह पुरेसे’ असे समजून प्रस्तुत लेखकानेही एका रुग्णाच्या लोहक्षयाकडे दुर्लक्ष केले होते. पांडुता वाढल्यावर चूक उमगली.

व्रणयुक्त बृहदांत्रशोथ व क्रोन व्याधी यांत शोथ जागृत असता फेरिटिन वाढते. म्हणून सीआरपी वाढलेले असल्यास फेरिटिन लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत असूनही लोहक्षय संभवतो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सोबत पाहावे. अल्ब्युमिनचे याच्या उलट आहे. शोथाने ते घटते. त्यास केवळ आहाराची न्यूनता समजून बृंहण करीत राहणे म्हणजे मूळ सोडून पानांना पाणी घालणे होय. लघ्वंत्राच्या अंतिम भागी व्याधी असल्यास बी-१२चे शोषणही बाधित होते.

चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेच्या आरंभी अग्नीचे महत्त्व सांगितले आहे. अग्नी दुष्ट असता उत्तम आहारही धातूंपर्यंत पोहोचत नाही. हे तत्त्व मानणाऱ्या वैद्याने रक्तातील पोषणांश शोथाच्या संदर्भातच वाचावेत.

मात्र व्याधीचे बल एकट्या अहवालाने ठरत नाही. बृहदांत्रशोथात दिवसाला ६ वा अधिक सरक्त मलवेग आणि त्यासोबत नाडी ९०हून अधिक अथवा हिमोग्लोबिन १०.५हून कमी असल्यास, १९५५ च्या ट्रूलव्ह-विट्स निकषांनुसार, तो तीव्र वेग होय. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा. त्यात आपल्या शास्त्राला उणेपणा नाही. विलंबात मात्र रुग्णाच्या प्राणांना धोका आहे.